डांबराखालचा जोड

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. भिलाईच्या कैंप-एक या कामगारवस्तीत, भागीरथाबाईंच्या घराशेजारी तट्ट्याच्या मांडवाखाली मी उभी असते. माझ्या टपावर कोंबड्या बसतात. दिव्यांच्या खोबणीत चिमण्यांनी काड्या कोंबल्या आहेत. बॉनेटवर शेजारच्या मैनाबाई मुगवड्या वाळत घालतात. मी कोणालाच हाकलत नाही, कारण अंगात तेवढे त्राणच उरलेले नाही. तुम्ही मुले येता, चाकावर पाय देऊन आत चढता, भोंगा दाबून पाहता आणि तो वाजत नाही म्हणून हिरमुसता. आज चढलाच आहात, तर थोडा वेळ बसा. माझ्याजवळ सांगायला फार काही नाही. जे आहे ते मात्र तुम्ही ऐकावे असे मला वाटते.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारखान्यात सर्वांत आधी माझी चासी तयार झाली. चासी म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. तुम्हाला जसा पाठीचा कणा, तशी आम्हाला चासी. इंजिन, चाके, बैठका, दारे, सारे काही तिच्यावर उभे राहते, पण ती कोणाला दिसत नाही. लोक गादी दाबून पाहतात, आरशात आपला भांग पाहतात आणि मोटार पसंत करून टाकतात. खाली वाकून चासी पाहणारी माणसे फार थोडी. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे समजेल.

जहाजाने मी मुंबईला आले आणि तिथून रेल्वेने दुर्गला. ते साल एकोणपन्नास होते. माझे पहिले मालक शरच्चंद्र वकील. दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले, शांत, नीटनेटके गृहस्थ. दर रविवारी ते स्वतः बादली घेऊन बसत आणि मला मऊ फडक्याने पुसत. त्यांच्या पत्नी सरलाबाई दारातून म्हणत, "अहो, मोटारीला चकचकीत करता तेवढा वेळ मुलांच्या गणिताला दिला असता, तर आज घरात सगळे पास असते." वकीलसाहेब हसत आणि पुसत राहत. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. कचेरीसमोर मी उभी राहिले की येणारे-जाणारे वळून पाहत. त्या दिवसांत मी तोऱ्यात होते, हे कबूल करते. माझा रंग काळा कुळकुळीत होता आणि मला वाटे, हा रंग म्हणजेच मी.

आठ वर्षे अशी गेली. मग वकीलसाहेबांचे डोळे अधू झाले. त्याच सुमारास दुर्गच्या पूर्वेला पोलाद कारखान्याचे काम जोरात सुरू झाले होते. चार दिशांनी माणसे येत होती, आणि ज्याला त्याला वाहन हवे होते. भैय्याजी नावाच्या कंत्राटदाराने मला विकत घेतले. सरलाबाईंनी निघताना माझ्यावर दहीभात ओवाळून टाकला. वकीलसाहेब बाहेर आलेच नाहीत.

भैय्याजी वाईट माणूस नव्हता. तो घाईत होता, इतकेच. तिथे सगळेच घाईत होते. मोठमोठे खड्डे खणले जात होते, क्रेनचे हात हवेत फिरत होते, आणि काल जिथे शेत होते तिथे आज पाया भरला जात होता. माझ्या मागच्या बैठकीवर साहेब बसत, त्यांच्या पायाशी बोल्टांच्या पेट्या असत आणि टपावर लोखंडी नळ बांधलेले असत. एकदा तर माझ्यातून बकरीही नेली. अंगावर लाल धुळीचा थर बसे. पुसायला कोणाला वेळ नव्हता. मी ओझे वाहत राहिले.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात व्हायचे ते झाले. तिथले रस्ते रोज जागा बदलत. सकाळी ज्या वाटेने आम्ही गेलो, त्याच वाटेवर दुपारपर्यंत पाण्याच्या नळासाठी कोणी चर खणून ठेवला होता. खूण नाही, दोरी नाही. माझे पुढचे डावे चाक धाडकन त्यात गेले. मागे बोल्टांच्या चार पेट्या होत्या. त्यांचा सगळा भार पुढे आला आणि माझ्या आत काहीतरी तडकले. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. डाव्या बाजूची चासी पुढच्या चाकामागे चिरली होती.

क्रेनने मला बाहेर काढले. भैय्याजीने खाली वाकून पाहिले, घड्याळ पाहिले आणि जवळच काम करणाऱ्या एका वेल्डरला हाक मारली. त्याचे नाव रामाजी. साकोलीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. घमेली वाहायला म्हणून तो भिलाईत आला होता आणि पाहता पाहता वेल्डिंग शिकला होता. महिन्यापूर्वीच तो परीक्षा पास झाला होता आणि त्याला त्याचा नंबर मिळाला होता.

हा नंबर काय, ते सांगते. त्या कामावर एक रीत होती. पास झालेल्या प्रत्येक वेल्डरला एक नंबर देत. जोड पुरा झाला की त्याच्या शेजारी आकड्याचा पोलादी पंच ठेवायचा आणि वर हातोडी मारायची. नंबर लोखंडात कायमचा उठे. पुढे कधी जोड फुटला, तर तो कोणाच्या हातचा होता हे शोधायला वेळ लागत नसे. रामाजीचा नंबर होता सत्तेचाळीस.

तो माझ्याखाली उताणा शिरला. चीर पाहून बाहेर आला आणि म्हणाला, "भैय्याजी, नुसता टाका मारून नाई होणार. दोन्हीकून पट्टी लावा लागते. आन् ह्या वेल्डिंगच्या कांड्या ओलसर आहेत, आधी सुकवा लागतीन."

"अरे रामाजी, अभी कामचलाऊ कर दे," भैय्याजी म्हणाला. "पट्टी बाद में लगा लेना. साहब को लेने स्टेशन जाना है."

रामाजी घुटमळला. तो नवा होता, आणि कंत्राटदाराला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, ओल्या कांड्यांनी, त्याने माझी चीर सांधली. वरून जोड छान दिसत होता, पण ओल्या कांडीचा जोड आतून कच्चा राहतो. मग सवयीने त्याने खिशातून पंच काढला आणि जोडाच्या शेजारी चार आणि सात हे आकडे ठोकले. ठोकताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता, हे मी पाहिले. दुसऱ्या दिवशी भैय्याजीच्या माणसाने जोडावर डांबर फासले. रामाजीला लांबच्या टाक्यांच्या कामावर पाठवले गेले. पट्टी राहिली ती राहिलीच. तो विसरला. मला विसरता येण्यासारखे नव्हते, कारण प्रत्येक खड्ड्यात तो जोड दुखत होता.

तीन वर्षांनी भैय्याजीने नवी जीप घेतली आणि मला दुर्गच्या एका दलालाला देऊन टाकले. दलालाने मला हिरवा रंग दिला. पोचे पुट्टीने भरले, गाद्यांना नवी खोळ घातली, खाली नवे जाजम अंथरले. आरशासारखी चमकत मी त्याच्या दारात उभी राहिले. मित्रांनो, स्तुती ऐकायला कोणाला आवडत नाही? पण त्या वेळी लोक "वा, काय मोटार आहे!" म्हणत, तेव्हा मला फार थकल्यासारखे वाटे. मी माझ्या परीने सांगत होते. चालताना डावीकडे ओढत होते. डावे दार उचलल्याशिवाय लागू देत नव्हते. ते कोणाला समजत नव्हते.

बासष्ट सालच्या जूनमध्ये भागीरथाबाईंनी मला घेतले. त्यांचे यजमान फकिराजी कारखान्याच्या उभारणीत उंचावरून पडून गेले होते. पदरी एक मुलगी, जया. भागीरथाबाई स्वतःही कामावर रेजा होत्या. रेजा म्हणजे बांधकामावर मजुरी करणारी बाई. जया पाचवी पास झाली होती आणि तिला पुढे शिकायचे होते. पुढची शाळा होती दुर्गला. कैंपातल्या आणखी पाच मुलींची हीच अडचण. एवढ्या लांब मुली पाठवायच्या कशा, म्हणून त्यांचे बाप त्यांना घरी बसवायला निघाले होते. भागीरथाबाईंनी तोड काढली. यजमानांच्या मागे जे मिळाले होते त्यातून मोटार घ्यायची, त्यांचा भाऊ देवाजी ती चालवेल, सकाळ-संध्याकाळ सहा मुलींना नेईल-आणेल आणि मधल्या वेळात स्टेशनचे भाडे करील. बाप मंडळी बऱ्याच समजुतीनंतर कबूल झाली. त्यांची एकच अट होती. रामाजीने मोटार पाहून ठीक आहे म्हटले पाहिजे. कारण एव्हाना रामाजी मोठा कारागीर झाला होता. लोखंडाचे काही असले की कैंपात सगळे त्यालाच विचारत, आणि तो फकिराजींचा जिवाभावाचा मित्र होता.

मी घरी आले त्या दिवशी माझ्या चाकांखाली लिंबे ठेवली, कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ फोडला. शाळा सोमवारी उघडणार होती. जयाने नवे दप्तर छातीशी धरून माझ्या मागच्या बैठकीवर दोन तास काढले.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. देवाजीने मला गल्लीतून फिरवून आणले. भागीरथाबाई अंगणात उभ्या राहून चिखलाकडे पाहत होत्या. सरळ चालणाऱ्या मोटारीची मागची चाके पुढच्या चाकांच्याच वाटेने जातात, त्यामुळे चिखलात दोन रेघा उमटतात. माझ्या चार उमटल्या होत्या.

"देवाजी, हे पाय," त्या म्हणाल्या. "सकाळी कामावरची जीप गेली, तिच्या दोन रेघा. तुयी गाडी गेली, तिच्या चार. हे गाडी तिरपी चालते."

"अवं बाई, तुले कावून असा शक येऊन राहिला?" देवाजी हसला. "जुनी गाडी आहे ते. कालच नारळ फोडला न आपण."

"नारळानं लोखंड जुडत नाई."

मग त्यांनी एक गंमत केली. बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेराने वाजवून पाहतात ना, तसे त्यांनी मला वाजवून पाहिले. बॉनेटपासून सुरुवात करून, कान जवळ नेऊन, इंचाइंचाने. उजवीकडे मी खणखणीत वाजले. डावीकडे पुढच्या चाकावर आल्या आणि थांबल्या. तिथे पुट्टी भरलेली होती. "इथं बद्द वाजते," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी रामाजीला निरोप धाडला. इतक्या वर्षांत माझे दुखणे पहिल्यांदा कोणीतरी ऐकले होते. मला रडू फुटले असते, पण मोटारींना ती सोय नाही.

शनिवारी पहिली पाळी संपवून रामाजी आला. चार वर्षांत तो अंगाने भरला होता. त्याने मला ओळखले नाही. ओळखणार कसा? तेव्हा मी काळी होते आणि धुळीने माखलेली होते. तो गोणपाट टाकून माझ्याखाली शिरला आणि कानशीने डांबर खरवडू लागला. मी मात्र त्याला हातावरून ओळखले. डांबराचा पोपडा निघाला. खाली जोड दिसला. जोडाशेजारी त्याचा अंगठा फिरला आणि चार आणि सात या आकड्यांवर येऊन थांबला.

 वर देवाजी विचारत होता, "काय दिसलं, भाऊ?"  रामाजीने चाकाला लागलेला चिखल बोटांवर घेतला, त्यात थोडे ग्रीस कालवले आणि आकड्यांवर फासले. मग बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "काई नाई वहिनी. जुनी गाडी आहे, थोडीशी तिरपी चालनच. पोरींले घेऊन जाईन आरामात."

"चांगलं पायलं न, भाऊजी?"

"पायलं."

त्याच्यासाठी चहा टाकला होता. तो न घेताच गेला. मित्रांनो, तेव्हा मला रामाजीचा फार राग आला. पहिल्यांदा ओल्या कांडीने त्याने मला सांधले, ती चूक होती आणि तिला भैय्याजीची घाई होती. आता त्याला कोणाची घाई होती? त्याला आपले नाव जाईल याची भीती होती. सबंध कैंप ज्याच्या शब्दावर विसंबतो, त्याचाच जोड फुटका निघाला तर? म्हणून त्याने सहा मुलींना माझ्या चिरलेल्या हाडावर बसवायचे ठरवले. मी ओरडून सांगितले असते, पण माझ्याजवळ एक भोंगा तेवढा होता आणि तोही दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

भागीरथाबाईंचे समाधान झाले नव्हते. त्या रात्री जेवल्या नाहीत, असे जया देवाजीला सांगत होती. रविवारी सकाळी त्यांनी पदर खोचला आणि राख, नारळाची शेंडी आणि विळा घेऊन त्या स्वतः माझ्याखाली शिरल्या. करपलेले भांडे घासावे तसा त्यांनी तो भाग घासला. जोड उघडा पडला, पण शेजारचे आकडे चिखल-ग्रीसने बुजलेलेच राहिले. तो आहे हे त्यांनी पाहिले. धड आहे की फुटका, हे नुसते पाहून कळणार नव्हते. पण ते कसे कळते, हे त्यांना ठाऊक होते. तेलाच्या टाक्या उभ्या राहत होत्या, तेव्हा भागीरथाबाई त्याच कामावर होत्या. टाकीचा जोड तपासण्याची, कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांची एक पद्धत होती. जोडाच्या एका अंगाला चुन्याचे पाणी लावायचे, दुसऱ्या अंगाला रॉकेल. केसाएवढी जरी फट असली, तरी रॉकेल त्यातून झिरपते आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट रेघ उमटते. चुना लावण्याचे काम रेजांकडे असे. शेकडो जोडांना त्यांनी हातांनी चुना लावला होता. आता घरात चुना नव्हता, पण भिंती सारवण्याची पांढरी माती होती, इकडे तिला छुही म्हणतात. ती त्यांनी वाटीत कालवली.

एव्हाना मुलींचे बाप मोटार पाहायला जमले होते. रामाजीही आला होता. त्याला घरी राहवले नसेल. भागीरथाबाईंनी जोडाच्या बाहेरच्या अंगाला छुहीचा जाड हात दिला. आकडेही तिच्याखाली गेले. आतल्या अंगाला रॉकेलचा बोळा लावला. मग बाहेर येऊन दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "बिड्या विझवा आधी सगळ्यायनं."

अर्धा तास गेला. मी श्वास रोखून उभी होते, म्हणजे मोटारीला जसा रोखता येईल तसा. छुही वाळत गेली, पांढरी पडत गेली. मग तिच्यावर एक ओलसर रेघ उमटली, वरून खालपर्यंत, सरळ जोडावरून.

"जोड फुटका आहे," भागीरथाबाई म्हणाल्या.

सगळे वाकून वाकून पाहू लागले. बळीराम नावाचा एक बाप म्हणाला, "मी तं पहिल्यापासूनच म्हणत होतो. आता पोरी घरीच राहतीन. पुरे झाली शाळा." इतरांनी माना हलवल्या. जया दाराशी उभी होती. तिने पाठीवरचे दप्तर हळूच काढले आणि आत खुंटीला नेऊन अडकवले. मग परत येऊन उभी राहिली.

"कोणाच्या हातचं काम आहे, देव जाणे," भागीरथाबाई म्हणाल्या.  "त्याच्या घरी लेकरं नसतीन."

रामाजीला काही करायचे नव्हते. नुसते उभे राहायचे होते. आकडे छुहीखाली होते. ते तसेच राहू दिले की सगळे मिटले असते आणि त्याचे नाव जिथल्या तिथे राहिले असते. तो उभा राहिलाही थोडा वेळ. मग त्याने टोपी काढून देवाजीच्या हातात दिली, जमिनीवर आडवा झाला आणि अंगठ्याने जोडाशेजारची छुही आणि खालचा चिखल पुसला.

"जया, इकडं ये, बाई," तो म्हणाला. "वाच, काय लिवलं आहे इथं?"

जया गुडघे टेकून वाकली. "चार आन् सात. सत्तेचाळीस, काका."

"तो माया नंबर आहे." रामाजी उठून बसला. त्याने कोणाकडेच पाहिले नाही. "चार सालाआधी ओल्या कांडीनं मारलेला टाका आहे मायाच हातचा. आन् काल मी हा नंबर पायला होता, वहिनी. काल मी खोटं बोललो."

 भागीरथाबाई ओरडल्या नाहीत. "तुमच्या भरोशावर मी सहा पोरी बसवणार होती, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या. रामाजीचे डोळे भरून आले. त्याने ते पुसलेही नाहीत.

बळीराम जायला निघाला, तसे भागीरथाबाईंनी त्याला थांबवले. "कुठं चालले? शाळा उद्याच उघडते. गाडी सुदरेपर्यंत सायकली आहेत न तुमच्याकडे?"

आठ दिवस सहा मुली सायकलींवरून शाळेला गेल्या. पाळ्या बदलून बापांनी नेल्या, पावसात छत्र्या धरून नेल्या. रामाजीने रजा काढली. सकाळी तो बळीरामच्या मुलीला पुढे आणि जयाला मागे बसवून दुर्गला जाई, आणि दुपारी माझ्याखाली आडवा असे. त्याने जुना जोड कापून काढला. चासी ताणून सरळ केली. कोरड्या कांड्यांनी नवा जोड मारला आणि दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या बसवल्या. भागीरथाबाई त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी तो डांबराचा डबा घेऊन आला, तेव्हा त्या बोलल्या. "डांबर नाई लावायचं. तेल लावा, गंज नाई चढणार. पट्टी दिसली पायजे."

मग त्यांनी सर्व बापांना बोलावले. "कारखान्यात नवी क्रेन आली म्हणजे तुमी काय करता? आधी जास्तीचा बोजा टांगून पायता न? मंग पोरींच्या आधी बाप बसतीन."

काय वर्णन करू त्या फेरीचे! पुढे देवाजी आणि रामाजी, मागे चार धट्टीकट्टी माणसे एकमेकांच्या मांडीवर, आणि पाचवा, बळीराम, जागा नाही म्हणून पायरीवर लोंबकळत. रामाजी मुद्दाम डावीकडे, नेमका त्या जोडावर बसला होता. देवाजीने मला दुर्गपर्यंत नेले आणि आणले. वाटेत नाल्यावरच्या मोरीपाशी मोठा खड्डा होता. तिथे सगळ्यांच्या माना एकदम हलल्या आणि बळीरामने देवाचे नाव घेतले. रामाजीने दोन्ही हातांनी खालचा पत्रा दाबून धरला होता, जणू मी तुटले तर तो हातांनी मला सावरणार होता. मी तुटले नाही. जोड दुखलाही नाही. किती वर्षांनी मी सरळ चालत होते!

परत आल्यावर भागीरथाबाईंनी पुन्हा छुही कालवली, पुन्हा रॉकेलचा बोळा लावला. या वेळी तास गेला. छुही पांढरीशुभ्र राहिली. त्यांनी बोट फिरवून पाहिले, उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, चहा घेऊन जा." रामाजी ओट्यावर बसला आणि बशी हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच राहिला. चहा निवून गेला, तरी त्याने तो संपवला.

त्यानंतर तीन वर्षे मी मुलींना नेले. दर महिन्याला भागीरथाबाई छुही लावून पाहत. स्टेशनचे भाडे ठरवायला घरी आलेला एखादा उतारू विचारी, "बाई, हे खाली पट्टी कसली?" तेव्हा त्या सगळी हकिकत सांगत, आणि ऐकून काही जण रिक्षा करून जात. मग कैंपातून दुर्गला बस सुरू झाली. मुली बसने जाऊ लागल्या. माझे इंजिन धापा टाकू लागले, टायर झिजले, आणि मी या मांडवाखाली येऊन थांबले. पहिली एक-दोन वर्षे देवाजी पाणी मारून पुसत असे. आता तोही दमला आहे. त्याला मी दोष देत नाही.

गेल्या महिन्यात रसमडा गावचा एक माणूस मला पाहायला आला होता. त्याला लग्नाच्या वरातींसाठी मोटार हवी होती. इंजिन आपण बसवून घेऊ म्हणाला. देवाजीने मला धुऊन ठेवले होते. माणसाने गादी दाबली, आरसा पाहिला, दार दोनदा लावून पाहिले आणि तो खूश झाला. देवाजी म्हणाला, "एकदम मजबूत माल आहे, भैया." इतक्यात जया बाहेर आली. ती आता मॅट्रिकला आहे.

"काका, जरा खाली वाका," ती त्या माणसाला म्हणाली. "इथून चासी तुटली होती. हे पट्टी नंतर लावली आहे. मजबूत आहे, पण तुटली होती हे तुमाले मालूम असलं पायजे."

माणूस वाकला. त्याने पट्टी पाहिली, गुडघ्यावरची माती झटकली, देवाजीकडे एकदा पाहिले आणि "कळवतो" म्हणून निघून गेला. तो काही परत आला नाही. देवाजी जयावर फार चिडला. "त्यानं विचारलं होतं का तुले? मंग कावून सांगतलं?"

"त्यानं नाई विचारलं, मामा," जया म्हणाली. "म्हणूनच तं सांगतलं."

देवाजी पुटपुटत आत गेला. भागीरथाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

मित्रांनो, त्या दिवशी माझा सौदा मोडला आणि मी इथेच राहिले. इथेच गंजून जाईन, हे मला दिसते आहे. फार थकले आहे मी. तरी तुमच्याजवळ एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातून काही मोडेल आणि तुम्ही ते जोडालही. ते दुसऱ्याला द्याल, तेव्हा त्याचा हात धरून तुटलेली जागा आधी त्याला दाखवा. त्यावर कोणीतरी आपली लेकरे बसवणार असते.